घड्याळजींची मोटार

माझे धाकटे दीर जेवायला बसले की त्यांचा घास हातातच राहतो. रस्त्यावरून एखादे वाहन गेले की ते मान वाकडी करून ऐकतात. आपली मोटार अंगणात बंद उभी आहे, ती आवाज करू शकत नाही, हे त्यांना ठाऊक असते. तरीही ते उठतात, बाहेर जातात, बोनेटला कान लावतात आणि परत येऊन बसतात. दोन घास झाले की पुन्हा उठतात. माझी जाऊ त्यांच्या ताटावर दुसरे ताट झाकून ठेवते आणि स्वतः जेवत राहते.

या माणसाविषयी लिहावे असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. त्यांनी काही मोठे कार्य केलेले नाही. ते घड्याळे दुरुस्त करतात. आमच्या घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरे कापड, त्यावर चिमटे आणि सुईएवढे पेचकस. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळे टांगलेली असतात आणि प्रत्येक घड्याळ निराळी वेळ सांगत असते. नवा माणूस त्या खोलीत फार वेळ बसू शकत नाही. त्याला उगाचच कुठेतरी जायला उशीर झाल्यासारखे वाटू लागते. माझे दीर डोळ्याला लावायचे भिंग काम संपल्यावर कपाळावर सरकवतात आणि तसेच बाजारात जातात, म्हणून गल्लीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात.

टेबलाशी बसले असताना त्यांचे हात इतके स्थिर असतात की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. टेबलापासून उठले की तेच हात सैरभैर होतात. दाराची कडी हलवून पाहतात, नळ पिळून पाहतात, माझ्या चष्म्याची दांडी मी सांगितले नसतानाही सरळ करून देतात.

घड्याळाच्या कामातले मुख्य ते काय, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. "वहिनी, स्क्रूला जोर द्यायचा नाही. डोकं तुटतं त्याचं. आणि जिथं धातू धातूला घासतो तिथं तेलाचा थेंब द्यायचा. घासलं की झिजलं." या दोन गोष्टींवर त्यांनी आयुष्य काढले आणि संसारही नीट केला. पुढे त्यांनी मोटारही याच दोन गोष्टींवर चालवायचे ठरवले, तिथे सगळे अडले.

मोटार त्यांनी घेतली ती हौसेने नव्हे. माझ्या जावेचे गुडघे धरले. बसची पायरी तिला चढवेना. ती घरातच राहू लागली, आणि खिडकीतून रस्ता पाहता पाहता एक दिवस म्हणाली, "मी आता या भिंतीवरच्या घड्याळांसारखीच. टांगलेली." हे वाक्य माझ्या दिरांना फार लागले. ते जुनी, राखी रंगाची एक गाडी घेऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचे तोंड उघडले आणि भिंग डोळ्यावर ओढून आत पाहिले.

पहिला प्रकार तेलाचा झाला. इंजिनचे जुने तेल काढून त्यांनी नवे भरले. तेल सोडण्याचे बूच खालच्या बाजूला असते. ते त्यांनी घड्याळाचा स्क्रू बसवतात तसे, तीन बोटांनी, मायेने बसवले. मग ते बाजारात जाऊन आले. समोरच्या मावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी दोरीवरचा पदर तसाच सोडून हाक मारली.

"भिंगकाका! बाजारापासून थेट दारापर्यंत काळी रेघ ओढलीत की! आता पाहुण्यांना पत्ता सांगायला नको."

माझे दीर रेघेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बूचच खराब दिलं होतं त्या माणसाने."

दुसरा प्रकार हॉर्नचा. हॉर्नचा आवाज त्यांना घोगरा वाटला, म्हणून त्यांनी स्टिअरिंगचा मधला भाग उघडला आणि परत बसवला. त्यानंतर गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजू लागला. उजवीकडे वळताना काही नाही. जावेला दवाखान्यात नेले, तेव्हा दवाखान्याचे फाटक नेमके डाव्या हाताला होते. आत शिरेपर्यंत हॉर्न वाजत राहिला. वरच्या मजल्यावरून परिचारिकेने डोके बाहेर काढून विचारले, "काका, इतकं गंभीर आहे का?" माझ्या जावेने पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. माझे दीर म्हणाले, "वायरच हलक्या दर्जाची घातलेली आहे."

तेव्हापासून जाऊ गाडीत बसेना. "मी गुडघ्यांसाठी बसत होते," ती मला म्हणाली, "तमाशासाठी नाही, ताई."

यातून माझे दीर अधिकच अस्वस्थ झाले. गिऱ्हाईक समोर बसलेले असतानाही ते खिडकीतून अंगणाकडे पाहू लागले. पाय टेबलाखाली हलत राहायचा. एखाद्या लहान मुलाला कोपऱ्यात उभे केले असावे तसे ते त्या गाडीकडे पाहायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेना, की शिक्षा नक्की कोणाला झाली आहे.

अशात जावेच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती गावाच्या पलीकडच्या टोकाला राहते. तिचे हृदय अशक्त झाले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितले होते. फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू येत होता, तो इतका बारीक असूनही, कारण घरात सगळेच गप्प झाले होते. "ये ना गं एकदा. किती दिवस झाले तुझं तोंड पाहून."

जाऊ म्हणाली, "मी रिक्षाने जाते."

"दारात गाडी असताना?" दीर उभेच राहिले. "दारात गाडी असताना तू भाड्याच्या रिक्षातून उतरलीस, तर अक्कांसमोर मी कोणत्या तोंडाने उभा राहू?"

"तुम्ही उभे राहू नका. बसा."

"एक संधी दे. एकच."

 त्या गाडीला तेव्हा आणखी एक खोड होती. ब्रेक दाबला की पुढची चाके अशी किंचाळत की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. जाऊ म्हणाली, "तो आवाज करत मी आजाऱ्याच्या दारात उतरणार नाही. तिचं काळीज आधीच नाजूक आहे. गॅरेजवाल्याला दाखवा. त्याने केलं तर बसते. तुम्ही नाही करायचं."

"दाखवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. ब्रेक दाबून दाखवला. आवाज नव्हता. मागेपुढे करून पुन्हा दाखवला. मावशींनीही समोरून मान डोलावली. जाऊ पायऱ्यांवर उभी होती.

"दाखवली का त्याला?"

"झालं काम," दीर म्हणाले.

हे उत्तर मला तेव्हाही जरा लांबून आल्यासारखे वाटले, परंतु जावेचा चेहरा इतका उजळला होता की मी त्याचा विचार केला नाही. तिने ठेवणीतले कपडे काढले. अक्कासाठी मऊ उशी शिवून ठेवली होती ती पिशवीत भरली. मला म्हणाली, "ताई, तुम्हीही चला. माझ्याबरोबर कोणीतरी असू द्या."

सकाळी आम्ही निघालो. जाऊ पुढे बसली, मी मागे. दीर इतके सावकाश चालवत होते की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. सपाट रस्त्यावर सगळे ठीक होते. गाडी थांबायची ती जरा रेंगाळून थांबायची. डावीकडे वळताना हॉर्नही वाजला नाही, कारण त्यांनी त्याची तारच काढून टाकली होती. जाऊ खिडकीतून दुकाने पाहत होती. कोणती बंद झाली, कोणती नवी आली, हे ती मला मोठ्याने सांगत होती. इतक्या दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मग उतार लागला. उताराच्या तळाशी चौक आहे आणि तिथे सकाळी वाहनांची रांग असते.

"अहो, हळू," जाऊ म्हणाली.

"हळूच आहे."

गाडीने वेग घेतला. दिरांचा पाय खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. जळक्या तेलाचा वास आत शिरला.

"अहो, थांबवा!"

"थांबवतोय!"

"मग थांबत का नाही?"

 त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, मग एक हात स्टिअरिंगवर आणून गाडी कडेला घातली. तिथे सुताराच्या दुकानाबाहेर भुशाची पोती रचलेली होती. गाडी त्या पोत्यांत नाक खुपसून थांबली. मोठा आवाजही झाला नाही. फक्त एक पोते फाटले आणि सगळा भुसा उघड्या खिडकीतून आमच्या अंगावर आला.

आम्हाला कोणालाही काही लागले नव्हते. हे मी प्रथम सांगते, कारण त्या क्षणी मी प्रथम तेच पाहिले. जाऊ समोर टक लावून बसली होती. तिच्या भुवयांवर भुसा होता. सुतार रंधा हातात घेऊन बाहेर आला. आम्ही धडधाकट आहोत असे पाहून त्याला धीर आला आणि मग त्याला विनोद सुचला.

"भिंगकाका, कपाट हवं होतं तर हाक मारायची. आत येऊन कशाला सांगायचं?"

माणसे जमली. सुताराने जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावले. गॅरेजवाला हा मोठ्या आवाजाचा, जाड मानेचा माणूस आहे. तो एका चाकाशी गुडघ्यावर बसला, आत बोट घातले आणि ते बोट अंगठ्यावर चोळून पाहिले.

मला तेव्हा समजले ते असे. पुढच्या चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी असते. ब्रेक दाबला की तिला दोन पट्ट्या दोन्हीकडून चिमटीत धरतात. त्यांना पॅड म्हणतात. धरण्यासाठी त्या कोरड्याच असाव्या लागतात. या पट्ट्या तेलाने माखलेल्या होत्या.

"काका, हे तेल कोणी घातलं?"

"जुनी गाडी," दीर म्हणाले. "आधीच्या मालकाने काय केलं असेल, मी कसं सांगणार?"

"नवं दिसतंय तेल."

"मग वरून गळलं असेल कुठूनतरी."

जावेने गाडीचे दार उघडले आणि धरून धरून खाली उतरली. "काल याच्याकडेच नेली होतीत ना?"

"नाही. म्हणजे, दुसऱ्या गॅरेजात नेली."

गॅरेजवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि बोट फडक्याला पुसले. "असेल बुवा. मी ढकलून नेतो. चाकं उघडून, पॅड बदलून उद्या देईन."

जाऊ मला म्हणाली, "ताई, पिशवी घ्या."

आम्ही रिक्षात बसलो. तिला चढवायला सुताराने लाकडी पाट आणून ठेवला. दीर पुढे आले नाहीत. रिक्षा निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिले. ते भुशात उभे होते. जावेने मागे पाहिले नाही.

वाटेत ती मांडीवरचा भुसा झटकत राहिली. मी म्हटले, "लागलं नाही ना कोणाला. सुटलो."

"गाडी थांबली नाही याचं मला एवढं नाही, ताई. यंत्र आहे ते. पण न सांगता यांनी काय काय उघडून ठेवलंय, हे मला कधी कळणार? मी कशाच्या भरवशावर बसू त्यांच्या शेजारी?"

 

अक्काची खोली तळमजल्यावर आहे. खिडकीशी पलंग, पलंगाशी स्टूल, स्टुलावर औषधांच्या बाटल्या. जावेला पाहताच अक्काने दोन्ही हात पसरले, आणि मग तिच्या केसांतून बोटाने भुसा काढून विचारले, "हे काय गं? लाकूड फोडून आलीस का?" सगळे ऐकल्यावर ती इतकी हसली की मला भीती वाटली. जाऊही हसली. परंतु बोलता बोलता ती दर थोड्या वेळाने खिडकीकडे पाहत होती. उशी तिने अक्काच्या पाठीशी नीट केली, मग पुन्हा केली, मग पुन्हा. मी तिला म्हटले, "बस जरा." ती बसली आणि पाण्याचा पेला इकडून तिकडे ठेवू लागली.

दुपार झाल्यावर दीर आले. पायी आले होते. उंबऱ्यापाशी उभे राहिले, आत येईनात. भिंग कपाळावर तसेच होते आणि त्याच्या काचेवर भुसा बसला होता.

"तेल मी घातलं," ते म्हणाले.

जाऊ म्हणाली, "ठाऊक आहे."

"गॅरेजवाल्याने सांगितलं?"

"तो कशाला सांगेल? गाडी आपणहून बिघडली असती, तर तुम्ही रस्त्यातच चाकाखाली शिरला असता. आज तुम्ही खिशात हात घालून उभे होतात. लग्न झाल्यापासून मी तुमचे हात खिशात पाहिले नव्हते."

दिरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. मग ते जे बोलले ते थांबत थांबत, माझ्याकडे किंवा अक्काकडे न पाहता बोलले. "गॅरेजपर्यंत गेलो होतो. दारात गाडी उभी केली. आत गेलो नाही. तो आवाज म्हणजे घासण्याचाच आवाज. मला वाटलं, एवढ्यासाठी दुसऱ्याला काय विचारायचं. मैदानात नेऊन चाकं काढली आणि तेल दिलं. बूचही मीच सैल ठेवलं होतं तेव्हा. हॉर्नही माझ्याच हातून बिघडला. तू शेजारी बसलेली असताना उतारावर कळलं मला, की ब्रेकने घासायलाच हवं असतं."

 अक्काने विचारले, "भावोजी, तेल तरी कोणतं घातलंत?"

"घड्याळाचं. उत्तम होतं."

"अगं बाई! म्हणजे वेळेवर पोचावी म्हणून?"

अक्का पुन्हा हसू लागली. जाऊ हसली नाही. ती म्हणाली, "मी इथेच राहते. गाडी त्याला करू द्या. तुम्ही हात लावायचा नाही. झाली की मला न्यायला या."

"येशील?"

"तेव्हा सांगेन."

परत जाताना मी दिरांबरोबर गॅरेजवर थांबले, कारण त्यांना एकटे सोडवेना. गॅरेजवाल्याने त्यांना एका उलट्या डब्यावर बसवले. ते बसणे मी कधी विसरणार नाही. चाक सुटले की ते अर्धे उठत. पाना फिरला की त्यांची बोटे हवेत फिरत. गॅरेजवाला मान न वळवता ओरडत असे, "काका, बसा!" ते बसत. थोड्या वेळाने डबा पुन्हा करकरे.

"एवढा जोर का लावतोस? तुटेल ना!"

"काका, मी तुमच्या दुकानात येऊन घड्याळं उघडू का?"

"नाही!" दीर इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरचा माणूस आत डोकावला. मग ते आपणहून डब्यावर बसले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि काम संपेपर्यंत तसेच बसून राहिले. त्या रात्री ताटावरून मात्र ते पूर्वीपेक्षाही जास्त वेळा उठले. अंगण रिकामे होते. तरी जाऊन पाहून येत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गाडी घेऊन अक्काकडे गेलो. उतारावर त्यांनी ब्रेकला पाय लावला आणि गाडी लगेच आवरली.  त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

जाऊ दारात आली. पिशवी तिच्या हातात होती, परंतु ती पायरी उतरली नाही.

"कोणी केली?"

"त्यानेच केली."

"तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. बसलो होतो. वहिनींना विचार."

"मी तुम्हाला विचारतेय."

दिरांनी गाडीकडे पाहिले, मग जमिनीकडे. "आज सकाळी आतला आरसा पुसला."

"नुसता पुसला?"

"तो जरा हलत होता."

जाऊ वाट पाहत राहिली. खिडकीतून अक्काही वाट पाहत होती.

"स्क्रू बसवला मी त्याचा," ते म्हणाले. "एवढंच. बाकी कशालाही हात लावला नाही. ब्रेकला नाही, चाकांना नाही, बोनेट उघडलंच नाही."

"आरसा पडला तर आपण मरत नाही," जाऊ म्हणाली. "चला."

ती पुढे बसली. बसताच तिने उजवा हात उचलून हँडब्रेकवर ठेवला, आणि दिरांनी तिला तो काढायला सांगितले नाही. अक्काने खिडकीतून हात हलवला. आम्ही निघालो. रस्ता खडबडीत होता. मी मागून पाहत होते. आरशात आधी मला दिरांचे कपाळ दिसत होते, मग नाक दिसू लागले, मग हनुवटी, मग शर्टाची बटणे. एका खड्ड्यात आरसा निसटला आणि त्यांच्या मांडीवर पडला.

त्यांनी गाडी कडेला घेतली. ती नीट थांबली. त्यांनी आरसा उचलून जावेपुढे धरला.

"हा मी केला," ते म्हणाले.

जावेने हँडब्रेकवरचा हात तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने आरसा घेतला, पिशवीत घातला आणि पुढे रस्त्याकडे पाहू लागली.